छातीतली गाठ साध्या आजाराचं सोंग घेते तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छातीच्या विकारांच्या ओपीडीत काही फायली हातात घेतल्या की वजनावरूनच कळतं, हा माणूस बराच हिंडून आलाय. खाली दम्याची चिठ्ठी, त्यावर न्यूमोनियाचं डिस्चार्ज कार्ड, मधे कुठंतरी घडी पडलेली एक्स-रेची फिल्म आणि सगळ्यात वर परवाचा सीटी, ज्यात गाठ दिसलीय. पुढचे प्रश्न अशाच रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी विचारलेले आहेत. उत्तरं वाचून घरबसल्या स्वतःचं निदान मात्र करू नका.

दोन वर्षं दमा म्हणून औषधं दिली आणि आता गाठ निघाली. आधीचे डॉक्टर चुकले का?

पहिल्या दिवशी बहुधा कुणीच चुकलेलं नसतं. धाप आणि घरघर घेऊन आलेल्या शंभर माणसांत दमा, सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार), हृदयाचा त्रास हेच निघणार. श्वासनळीतली गाठ त्या शंभरात बहुतेक वेळा एकालाही नसते. आल्या-आल्या प्रत्येकाला सीटी आणि श्वासनळीत घालायची दुर्बीण सांगत सुटलो तर नुकसान जास्त होईल.

चूक होते ती पुढे. औषधाला गुण येत नाही, तरी 'दमा' हे नाव एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उतरत राहतं. तिसरा डॉक्टर दुसऱ्याचं वाचतो, दुसऱ्यानं पहिल्याचं वाचलेलं असतं, आणि पहिल्यानं कदाचित शेजारी प्रश्नचिन्ह काढलं होतं, जे वाटेत कुठंतरी गळून गेलं. माझं म्हणणं एवढंच आहे की तात्पुरत्या निदानाला एक तारीख हवी. अमुक आठवड्यांत उतार पडला नाही तर हे नाव खोडून पुन्हा पहिल्यापासून बघायचं. ही तारीख सहसा कुणी लिहीत नाही आणि जो काही उशीर होतो तो तिथंच होतो.

या गाठी दुर्मिळ म्हणजे किती दुर्मिळ?

कार्सिनॉइड ही त्यातल्या त्यात माहितीतली गाठ. फुफ्फुसाच्या एकूण कर्करोगांत ती १ ते २ टक्के असते. खाली आलेली बाकीची बरीच नावं त्याहून विरळ आहेत. फुफ्फुसाच्या रोहिणीचा सार्कोमा (हाड, स्नायू, रक्तवाहिनी अशा ऊतींतून उगवणारा कर्करोग) एखाद्या छातीच्या डॉक्टरला अख्ख्या कारकिर्दीत एकदाही भेटत नाही.

पंप नियमित घेतो, तरी घरघर जात नाही. गाठ असू शकते का?

बऱ्याचदा कारण साधंच असतं: पंप चुकीच्या पद्धतीनं ओढला जातो, मधेच सोडला जातो किंवा नाक-सायनसचा, पित्ताचा त्रास जोडीला असतो. आधी ते पाहायचं. ते सगळं ठीक असूनही फरक नसेल तर मात्र दम्यावरच शंका घ्यायची.

दमा दोन्ही फुफ्फुसांत असतो. स्टेथोस्कोप पाठीवर डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे असा ठेवत गेलं की दम्यात दोन्हीकडे कमी-जास्त सूर ऐकू येतात. एकाच बाजूला, एकाच जागी, एकाच सुरात शिट्टी वाजत असेल आणि खोकल्यावरही ती हलत नसेल, तर तिथं नळीत काहीतरी अडकलंय. लहान मुलात तो शेंगदाणा असू शकतो, चाळिशीतल्या माणसात कार्सिनॉइड. ही गाठ हळू वाढते, हिच्या नेहमीच्या प्रकाराचा विडी-सिगारेटशी फारसा संबंध नाही, त्यामुळे 'मी तर कधी ओढली नाही' म्हणणारे लोक गाफील राहतात. दुर्बिणीतून ती गुळगुळीत, लालबुंद दिसते. आत रक्तवाहिन्या खच्चून भरलेल्या असल्यानं मधूनच थुंकीत रक्त येतं. पुस्तकात चेहरा लाल होणं, जुलाब होणं ही कार्सिनॉइडची लक्षणं दिलेली असतात; फुफ्फुसातल्या गाठीत ती क्वचितच दिसतात, म्हणून त्यांची वाट बघत बसू नये.

मुख्य श्वासनळीतली गाठ याहून फसवी. ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा नावाचा प्रकार नळीच्या अस्तराखालून आणि नसांच्या कडेनं सरकत जातो. नळीची वाट साधारण ८ मिलिमीटरपर्यंत अरुंद होईतो चालताना धाप जाणवत नाही. ५ मिलिमीटरच्या खाली गेली की बसल्या जागीही श्वास वाजायला लागतो. एक्स-रे तोवर स्वच्छ दिसतो, कारण फुफ्फुसं धडधाकटच असतात. इथं स्पायरोमेट्रीचा, म्हणजे नळीत जोरात फुंकून करायच्या तपासणीचा, आलेख बोलतो. निरोगी माणसाचा फुंकर-आलेख डोंगराच्या सुळक्यासारखा चढतो आणि उतरतो. नळी अडलेली असेल तर सुळका छाटल्यासारखा सपाट होतो, बऱ्याचदा वर आणि खाली दोन्हीकडे. मशीननं छापलेले आकडे बघून आलेखाचं पान उलटून टाकण्याची सवय आम्हा डॉक्टरांनाही आहे, हे कबूल करायला हवं. आणखी एक खूण म्हणजे श्वास घेताना आवाज येणं. दम्याची शिट्टी बहुतांशी श्वास सोडताना वाजते. घेताना, तेही गळ्याशी, आवाज येत असेल तर तो आवाज वरच्या मोठ्या नळीचा.

एक गंमत अशी की स्टेरॉइडची गोळी दिली की गाठीभोवतीची सूज उतरते आणि रुग्णाला चार दिवस खरोखर बरं वाटतं. 'बघा, दमाच होता' असं सगळ्यांनाच वाटून जातं.

वर्षात तिसऱ्यांदा न्यूमोनिया झाला. प्रतिकारशक्ती कमी आहे का?

असेलही, पण आधी तिन्ही फिल्म शेजारी-शेजारी लावून बघा. न्यूमोनिया दरवेळी वेगळ्या जागी असेल तर प्रतिकारशक्ती, मधुमेह, अन्न श्वासनळीत जाणं अशा दिशेनं शोध घ्यायचा. तिन्ही वेळा डाग त्याच कोपऱ्यात असेल तर त्या कोपऱ्याची नळी तुंबलीय असं धरून चालायचं. नाल्यात दगड अडकला की मागं पाणी साचतं आणि सडतं, तसंच हे. अँटिबायोटिकनं साचलेलं पाणी स्वच्छ होतं, दगड जागच्या जागी. दोन महिन्यांनी पुन्हा तेच.

दुसरा प्रकार म्हणजे कधीच न विरघळणारा न्यूमोनिया. ताप नाही किंवा जेमतेम, खोकला आहे, कधी भांडंभर पाण्यासारखा कफ, आणि डाग महिनोन्महिने तसाच. म्युसिनस ॲडेनोकार्सिनोमा हवेच्या पिशव्यांच्या भिंती न पाडता त्या आतून भरत जातो, म्हणून एक्स-रेवर हुबेहूब न्यूमोनिया दिसतो. फुफ्फुसातला माल्ट लिम्फोमा, म्हणजे लसीका पेशींचा एक संथ कर्करोग, हाही असाच वर्षानुवर्षं एका जागी बसून राहतो. म्हणून पन्नाशीपुढच्या किंवा धूम्रपान करणाऱ्या माणसाचा न्यूमोनिया बरा झाल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढायला सांगतात. बरं वाटतंय म्हणून तो टाळला जातो.

जुन्या फिल्म रद्दीत घालू नका. तीन वर्षांपूर्वीची एक फिल्म कधीकधी आजच्या महागड्या स्कॅनहून जास्त सांगते.

टीबीची औषधं सुरू आहेत, तरी गाठ वाढतेय. टीबी नसेलच का?

असूही शकतो. औषधाला न जुमानणारा टीबी असतो, आणि औषध बरोबर लागू पडत असतानाही गाठी काही काळ फुगू शकतात. गोळ्या स्वतःच्या मनानं थांबवू नका.

पण एक प्रश्न जरूर विचारा: टीबीचे जंतू प्रत्यक्ष सापडले होते का? थुंकीत, छातीतल्या पाण्यात, गाठीच्या तुकड्यात (बायोप्सीत), जनुकीय तपासणीत, कशातही? टीबी जिथं जास्त आहे तिथं वजन घटणं, संध्याकाळचा ताप, रात्री घाम आणि छातीत गाठी एवढं जमलं की औषधं सुरू होतात. हीच चारही लक्षणं हॉजकिन लिम्फोमा या लसीका ग्रंथींच्या कर्करोगात असू शकतात. तरुण वय, अंगाला उगाचच खाज, एक्स-रेवर छातीच्या मधल्या भागात रुंदावलेली सावली, असं असेल तर पुराव्याशिवाय टीबीवर समाधान मानू नये. छातीतल्या पाण्यातलं एडीए (टीबीच्या शंकेत मोजलं जाणारं एक द्रव्य) वाढलं म्हणजे टीबीच, असंही नाही. लिम्फोमातही ते वाढू शकतं.

दोन्ही फुफ्फुसांत विखुरलेले बारीक ठिपके हा आणखी एक चकवा. एपिथेलिऑइड हेमॅन्जिओएंडोथेलिओमा हे लांबलचक नाव असलेली गाठ रक्तवाहिनीच्या अस्तरातून उगवते, तिचे ठिपके जुन्या टीबीच्या खुणांसारखे दिसतात आणि काही रुग्णांत ते वर्षानुवर्षं हलतही नाहीत. ती यकृतातही असू शकते.

जंतू न सापडता उपचार सुरू झाले असतील तर दोन महिन्यांनी वजन, ताप आणि एक्स-रे यांचा हिशेब मांडायचा. तिन्हींत फरक नसेल तर तुकडा तपासायचा. टीबी आणि कर्करोग एकाच छातीत नांदू शकतात, त्यामुळे जंतू सापडल्यावरही वाढत्या गाठीकडे डोळेझाक नको.

छातीतलं पाणी तपासलं, कॅन्सरच्या पेशी नाहीत असं आलं. सुटलो ना?

त्या पाण्यात त्या दिवशी पेशी सापडल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. मेसोथेलिओमा हा फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग पाण्यात पेशी सोडायला कंजूष आहे, आणि सोडल्या तरी सूज आलेल्या साध्या पेशींपासून त्या ओळखणं कठीण. पाणी पुन्हा पुन्हा भरत असेल, विशेषतः एकाच बाजूला आणि सोबत छाती सतत दुखत असेल, तर दुर्बिणीनं आवरणाचा तुकडा घ्यावा लागतो.

इथं डॉक्टरांनी विचारायचा आणि रुग्णानं आपणहून सांगायचा प्रश्न कामाचा आहे. ॲस्बेस्टॉस आणि मेसोथेलिओमाचा संबंध १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या वॅगनर आणि सहकाऱ्यांनी ३३ रुग्णांच्या नोंदींवरून मांडला. धूळ श्वासात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत बहुधा २० ते ५० वर्षं जातात. निवृत्त माणूस 'काम' विचारलं की 'काही नाही, घरीच असतो' असं सांगतो आणि तिशीत जहाजदुरुस्तीच्या गोदीत किंवा पत्रे कापण्याच्या कामावर घालवलेली वर्षं राहूनच जातात. धुळीनं माखलेले कपडे घरी धुणाऱ्या बायकांनाही हा आजार झालेला आहे.

फुफ्फुसात रक्ताची गुठळी सांगितली. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेऊनही ती विरघळत नाही, असं का?

जुनी, घट्ट झालेली गुठळी हे त्याचं नेहमीचं कारण. अगदी विरळ वेळा ती गुठळी नसून रोहिणीच्या आतच वाढलेला सार्कोमा असतो. पायाच्या शिरांत गुठळी नाही, डी-डायमर (गुठळीचा माग देणारी रक्ततपासणी) नॉर्मल, वजन घटतंय, ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) चढलेला, आणि सीटीवर ती वस्तू नळी पूर्ण भरून फुगीर कडांनी बाहेर येतेय, असं चित्र असेल तर एमआरआय किंवा पेट स्कॅनबद्दल विचारा.

तक्रार छातीची नव्हतीच, तरी छातीचा स्कॅन सांगितला. कशासाठी?

कारण काही गाठी स्वतः गप्प बसतात आणि दूर कुठंतरी आवाज करतात.

संध्याकाळी एक पापणी पडते, टीव्हीवर एकाचे दोन दिसतात, सकाळी सगळं ठीक. माणूस चष्म्याचा नंबर बदलून येतो. हा मायस्थेनिया, म्हणजे स्नायू लवकर थकण्याचा आजार, असू शकतो, आणि मायस्थेनियाच्या १० ते १५ टक्के रुग्णांच्या छातीच्या हाडामागं थायमोमा, म्हणजे थायमस ग्रंथीची गाठ, सापडतो. उलट बाजूनं बघितलं तर थायमोमा असलेल्यांपैकी साधारण तिसऱ्या हिश्शाला मायस्थेनिया असतो. हाडामागची लहान गाठ साध्या एक्स-रेत हृदयाच्या सावलीत लपून जाते, म्हणून सीटी.

दुसरं उदाहरण मला स्वतःला फार विलक्षण वाटतं. मधुमेह नाही, औषध नाही, तरी पहाटे माणूस घामानं भिजून, बरळत उठतो. साखर तपासली तर घसरलेली, चमचाभर साखर तोंडात घातली की भानावर. सगळे स्वादुपिंडात गाठ शोधतात. ती असते छातीत: फुफ्फुसाच्या आवरणाचा सॉलिटरी फायब्रस ट्यूमर, बहुधा भलामोठा, इन्सुलिनसारखं काम करणारं आयजीएफ-२ हे द्रव्य रक्तात सोडणारा. डोगे आणि पॉटर या दोघांनी १९३० मध्ये स्वतंत्रपणे या गाठीची नोंद केली, आणि साखर उतरण्याच्या या प्रकाराला आज दोघांचं मिळून नाव आहे. गाठ काढली की साखर जागेवर येते. याच गाठीत कधीकधी बोटांची टोकं ढोलकाच्या काठीसारखी फुगतात आणि सांधे दुखतात. तेव्हा वर्षभर संधिवाताची औषधं चालू असतात.

आणखी एक, किस्सा म्हणून सांगण्यासारखी: छातीच्या मधल्या भागातला टेराटोमा (केस, कातडी असे भाग आत असलेली गाठ) श्वासनळीत फुटला तर खोकल्यातून केस पडतात. ही गाठ बहुधा साधी असते. पण तरुण मुलाच्या छातीत पुढच्या बाजूला मोठी गाठ दिसली तर तुकड्याच्याही आधी रक्तातले एएफपी आणि बीटा-एचसीजी हे गाठीची खूण देणारे दोन घटक बघायलाच हवेत. ते चढलेले असतील तर बहुधा आधी केमोथेरपी लागते, आणि अशा बऱ्याच गाठी त्यानं बऱ्याही होतात.

बरगडीवर टेंगूळ आहे, 'हाडाची सूज' म्हणाले. काळजी करावी का?

बरगडी आणि कूर्चेच्या सांध्याची सूज वरच्या दोन-तीन बरगड्यांशी येते, दाबलं की कळ येते आणि काही आठवडे ते महिन्यांत कमी होते. टेंगूळ टणक आहे, हाडाला चिकटलेलं आहे आणि मोजपट्टीनं मोजलं तर वाढतंय, असं असेल तर कॉन्ड्रोसार्कोमा, म्हणजे कूर्चेचा कर्करोग, नाही ना, हे पाहावं लागतं. मोठ्या माणसांत छातीच्या भिंतीतून उगवणाऱ्या घातक गाठींत हीच सर्वांत जास्त आढळते. 'आपटलं होतं' या आठवणीवर फार भिस्त ठेवू नका. मार लागला म्हणून आपण चाचपतो आणि आधीपासून असलेली गाठ हाताला लागते. मुलांमध्ये बरगडीची गाठ, ताप आणि छातीत पाणी एकत्र आलं की पू झाला असं वाटतं. तिथं युइंग सार्कोमा हा मुलांतला हाडाचा कर्करोग डोक्यात ठेवायला हवा.

बाळाच्या फुफ्फुसात सिस्ट आहे. ती कर्करोग असते का?

बहुसंख्य जन्मजात सिस्ट निरुपद्रवी असतात. प्ल्युरोपल्मनरी ब्लास्टोमा हा फार विरळ प्रकार सुरुवातीला तशीच सिस्ट बनून येतो. कुटुंबात डायसर-१ जनुकाचा दोष, लहान वयात थायरॉइडच्या गाठी किंवा मूत्रपिंडाची सिस्टची गाठ असेल तर बालशल्यविशारदांना सांगा.

पेट स्कॅन केला की सगळं कळेल ना?

नाही. पेट स्कॅन साखर खाणाऱ्या पेशी दाखवतो. टीबी आणि सार्कॉइड (कर्करोग नसलेला, गाठी आणणारा सुजेचा आजार) साखरेवर ताव मारतात, म्हणून लखलखतात. संथ कार्सिनॉइड कमी खाते, म्हणून मंद दिसते किंवा दिसतही नाही. कार्सिनॉइडसाठी वेगळं द्रव्य वापरून केलेला डोटाटेट पेट उपयोगी पडतो. कुठलाही स्कॅन गाठीचं नाव सांगत नाही; नाव तुकडा सांगतो.

सुई घातली की गाठ पसरते, हे खरं का?

या भीतीनं लोक महिनेच्या महिने अंगावर काढतात. बहुतेक गाठींत सुईच्या वाटेनं पसरण्याचा धोका अगदी थोडा असतो आणि निदान न होण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा. अपवाद आहेत: मेसोथेलिओमात सुईच्या वाटेवर गाठ उगवू शकते, सरळ काढता येईल असा थायमोमा स्पष्ट दिसत असेल तर शल्यविशारद बहुधा तुकडा न घेता शस्त्रक्रियाच करतात.

जास्त घोळ होतो तो सुई बारीक असण्यानं. एफएनएसीत, म्हणजे बारीक सुईनं पेशी ओढून करायच्या तपासणीत, चार पेशी येतात, त्यांची रचना येत नाही, आणि या विरळ गाठींचं सारं रहस्य रचनेत असतं. कार्सिनॉइडचा चिरडलेला इवलासा तुकडा स्मॉल सेल या फुफ्फुसाच्या झपाट्यानं वाढणाऱ्या कर्करोगाचा म्हणून वाचला गेल्याची उदाहरणं आहेत. त्या दोन्हींचे उपचार पूर्ण वेगळे. जाड सुईचा तुकडा घ्या, तो तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉक आणि काच (स्लाइड) प्रयोगशाळेकडून मागून घ्या आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. चांगल्या पॅथॉलॉजिस्टला याचं वाईट वाटत नाही, तो स्वतःच सुचवतो. लिम्फोमाची शंका असेल तर तुकडा घेण्याआधी शक्यतो स्टेरॉइड नको, गाठ विरघळते आणि काचेवर काहीच उरत नाही.

माझ्या रिपोर्टमध्ये छोटी गाठ लिहिलीय. हे सगळं वाचून झोप उडाली.

मग उलटी बाजूही वाचा. फुफ्फुसातले बहुतेक छोटे ठिपके निरुपद्रवी असतात. छातीच्या स्कॅनच्या तज्ज्ञांच्या फ्लाइश्नर सोसायटीच्या २०१७ च्या सूचनांनुसार पस्तिशीपुढच्या, कमी जोखमीच्या माणसातल्या ६ मिलिमीटरहून लहान घन ठिपक्याचा नियमित पाठपुरावाही लागत नाही. आत चरबी दिसली किंवा मक्याच्या लाहीसारखं चुन्याचं बांधकाम दिसलं तर ती हॅमार्टोमा, साधी गाठ. घन ठिपका दोन वर्षं जसाच्या तसा असेल तर काळजी बहुधा मिटते. धुरकट काचेसारख्या ठिपक्याला मात्र पाच वर्षं नजरेखाली ठेवतात, कारण तो फार सावकाश चालतो. खांद्याच्या पात्याखालचा इलास्टोफायब्रोमा ही साधी गाठ किंवा केमोथेरपीनंतर पुन्हा फुगलेली थायमस ग्रंथी बघून कर्करोग समजल्याचेही प्रसंग घडतात.

डॉक्टरांना राग न येता कसं विचारू?

'तुम्हाला खात्री आहे का?' असं विचारलं की समोरचा बचावात जातो. 'किती दिवसांत फरक पडायला हवा, आणि नाही पडला तर पुढं काय करायचं?' असं विचारा आणि उत्तर त्यांच्याच हातानं चिठ्ठीवर लिहून घ्या. तारीख आली की ती चिठ्ठी घेऊन जा.

तारखेची वाट न बघता कधी धावायचं?

खोकल्यातून कपभर रक्त आलं तर. रक्त कोणत्या बाजूच्या फुफ्फुसातून येतंय हे माहीत असेल तर दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्या कुशीवर झोपवा, म्हणजे चांगलं फुफ्फुस वर राहतं. चेहरा-मान सुजून गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या तर. श्वास घेताना गळ्याशी आवाज यायला लागला तर. आणि आडवं पडलं की गुदमरतं म्हणून बसून रात्र काढावी लागत असेल तर. ही शेवटची गोष्ट स्कॅनच्या टेबलावर झोपवणाऱ्या तंत्रज्ञाला आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा. मोठी गाठ छातीच्या मध्यात असेल तर आडवं झोपवून भूल दिल्यावर तिच्या वजनानं श्वासनळी दबू शकते, आणि हे त्यांना कळलं तर ते बसवूनच, जागा बधिर करून तुकडा घेण्याचा विचार करतात.